अडीच दिवसांचा जिल्हा

हुलगापेठ मंगळवारी संध्याकाळी जिल्हा झाला आणि शुक्रवारी सकाळी परत तालुका झाला. मधल्या अडीच दिवसांत फटाके, पेढे, एक मिरवणूक, एक रास्ता रोको आणि दोन नव्या पाट्या एवढं सगळं होऊन गेलं. हे ज्या माणसानं केलं तो मी. नाव शेषेराव बिराजदार, पंचायत समितीत वरिष्ठ सहायक, नोकरी सव्वीस वर्षं. त्याआधी माझ्या हातून घडलेली सगळ्यात मोठी घटना म्हणजे दोन हजार चार साली कपाटाची किल्ली हरवली होती. ती पुढं खिशातच सापडली.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. लातूरला निदान रेल्वे तरी होती. देवणी आणि मुखेडच्या मधे, दोन जिल्ह्यांच्या शिवेवर पडलेल्या आमच्या तालुक्याला टँकर. चौऱ्याऐंशी गावं, चौऱ्याऐंशी आदेश, आणि दर पंधरा दिवसांनी ते सगळे नव्यानं काढायचे. प्रत्येक गावाची फाइल वेगळी. ती उघडायची, तारीख बदलायची, छापायला सोडायची, बंद करायची, पुढची उघडायची. हे करून करून माझं उजव्या हाताचं बोट वाकडं झालं होतं. सिंधु, म्हणजे आमची मंडळी, रोज त्याला खोबरेल चोळायची आणि म्हणायची, "सव्वीस वर्षं नोकरी केली अन् काय कमावलं, तर एक बोट."

त्यात ऑफिसात नवा प्रिंटर आला. भला थोरला, नेटवर्कवरचा. म्हणजे कुठल्याही टेबलावरून सोडा, कागद त्याच्याकडं जाऊन छापायचे. त्याला ठेवायला जागा फक्त पुढच्या हॉलात होती, जिथं ग्रामसेवक, सरपंच आणि कुणाचेही पाहुणे पंख्याखाली बसायला येत. माझं टेबल आत, प्रिंटर बाहेर. वाकड्या बोटाला आता पायांचीही साथ मिळाली.

तेव्हा मी ठरवलं की हे काम कॉम्प्युटरलाच सांगायचं. मोबाईलवर व्हिडिओ बघून दोन रविवारांत स्क्रिप्ट लिहायला शिकलो. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली चिठ्ठी, दुसरं काही नाही. माझी चिठ्ठी सात ओळींची होती. या फोल्डरातली प्रत्येक फाइल घे, अमुक नंबरच्या प्रिंटरला पाठव, संपल्या की थांब. माझ्यासारख्या पन्नाशी गाठलेल्या माणसानं हे लिहावं याचं मला इतकं कौतुक वाटलं, की मी सिंधुला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यात भाकरी कुठं हाय?"

सोमवारी पहिली चाचणी केली. प्रिंटर घरघरला आणि एकामागून एक कागद बाहेर टाकू लागला. प्रत्येकावर वाकडीतिकडी चिन्हं, चौकोन, प्रश्नचिन्हं, मधेच एखादं इंग्रजी अक्षर. बोळेवाडीच्या सरपंचांनी एक कागद उचलून उलटासुलटा केला आणि विचारलं, "भाऊसाहेब, हे कानडीत काढलंव का?" शेजारी बसलेले निलंग्याकडचे पाहुणे म्हणाले, "कानडी न्हाई हे. कानडी मला येतंय." दोनशे सत्तर कागद वाया गेल्यावर मला प्रिंटरची तार उपटायचं सुचलं. नंतर कळलं की फाइल आहे तशी नुसती पाठवून चालत नाही, आधी तिची पीडीएफ करावी लागते. पाहुण्याला दारातून आत घेताना चपला काढायला लावतात, तसंच ते. मी चिठ्ठीत आठवी ओळ घातली.

आता जिल्ह्याकडं येतो.

आमच्या शेजारी ईश्वरप्पा राहतात. कापडाचं दुकान आहे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे असतात आणि हुलगापेठ जिल्हा निर्मिती कृती समितीचे ते गेली अकरा वर्षं अध्यक्ष आहेत. समितीत दुसरं कोण आहे हे मला ठाऊक नाही. उदगीरवाल्यांनी जिल्हा मागितला की ईश्वरप्पांच्या पोटात गोळा उठतो. त्या आठवड्यात कुणीतरी मंत्री दौऱ्यावर येणार होते, त्यांना निवेदन द्यायचं होतं.

"शेषेराव," ईश्वरप्पा ओट्यावर बसत म्हणाले, "निवेदन देऊन देऊन मी दमलो की ओ. सरकारला लई कामं असतात. वाचणार कधी, विचार करणार कधी, आदेश लिहिणार कधी? आपणच आदेश लिहून नेऊ. त्यांनी सही तेवढी मारायची."

"अप्पा, असं कुठं असतंय का?"

"कपडा शिवून नेला की गिऱ्हाईक न्हाई म्हणत न्हाई. बटन लावून द्या तुम्ही."

मला नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर मोह झाला. सव्वीस वर्षं टँकर, गटारं आणि घरकुलं यांचे आदेश लिहिणाऱ्या माणसाला एकदा तरी मोठं काही लिहावंसं वाटतं. सोमवारी दुपारी मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसलो आणि लिहिलं. 'ज्याअर्थी' पाच वेळा आलं आणि 'त्याअर्थी' एकदाच आलं, पण असं आलं की अंगावर काटा यावा. पहिल्या परिच्छेदात जिल्हा, दुसऱ्यात त्याची हद्द, तिसऱ्यात मुख्यालय. ईश्वरप्पांचा आग्रह होता की लोकांसाठीही काहीतरी हवं, म्हणून चौथ्यात लिहिलं: 'सदर जिल्ह्यातील टंचाईग्रस्त गावांना टँकरच्या दैनंदिन दोन खेपा मंजूर करण्यात येत आहेत.' तोवर आम्ही एकच देत होतो. शेवटी सवयीनं 'प्रत माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी: सर्व ग्रामपंचायती, सर्व टँकर पुरवठादार' हेही घातलं. प्रत कुणाला जाणार हे न लिहिता मला कागद संपवताच येत नाही.

वर 'नमुना' असं लिहायचं राहिलं. आणि फाइल साठवताना जे फोल्डर समोर उघडं होतं त्यातच साठवली. ते फोल्डर टँकरच्या आदेशांचं होतं.

मंगळवारी अकरा वाजता मी स्क्रिप्ट सोडली. काहीच झालं नाही. परत सोडली. काही नाही. तिसऱ्यांदा सोडली आणि बाहेर जाऊन पाहिलं, तर हॉलातली लाइट गेलेली. माझ्या कॉम्प्युटरला बॅटरी होती, प्रिंटरला नव्हती. तेवढ्यात सिंधुचा फोन आला. "अहो, गल्लीत टँकर आलाय. तीन घागरी अन् एक टाकी, मी एकटी काय काय धरू? लगेच या." त्या उन्हाळ्यात या वाक्यापुढं कुणाचा साहेब काही बोलू शकत नव्हता. मी निघालो. मनाशी म्हटलं, प्रिंटरला वीज नाही, म्हणजे विषय संपला.

विषय संपला नव्हता. पाठवलेले कागद रांगेत उभे राहतात, लाइट आली की छापले जातात, हे त्या व्हिडिओत सांगितलं होतं. पण तो भाग चालू असताना मी चहा आणायला उठलो होतो.

एक वाजता लाइट आली. प्रिंटरनं प्रत्येक कागद तीन-तीनदा छापला. आवक-जावक बघणारा गुरुलिंग हा अत्यंत कामसू माणूस. त्यानं गठ्ठा उचलला, नेहमीप्रमाणं प्रत्येक कागदाचं फक्त खालचं टोक दिसेल असा पत्त्यांसारखा पसरला आणि साहेबांपुढं ठेवला. आमचे गटविकास अधिकारी दोन वाजता लातूरच्या बैठकीला निघाले होते. त्यांनी उभ्या उभ्या सह्या केल्या, गाडीचं दार उघडं ठेवून. गुरुलिंगनं शिक्के मारले. मग एका कागदावर 'सर्व ग्रामपंचायती' असं त्याला दिसलं, पण प्रती तीनच. तो बिचारा स्वतःहून झेरॉक्सवाल्याकडं गेला, चौऱ्याऐंशी प्रती काढून आणल्या आणि एकेका टँकर आदेशाला टाचणीनं जोडल्या. पुरवठादाराचीही विसरला नाही. हॉलात ग्रामसेवक बसलेलेच होते. तीन वाजेपर्यंत सगळं टपाल गावोगावी निघालं. आमच्या ऑफिसातून इतकं झपाट्यानं त्याआधी कधी काही गेलं नव्हतं.

मी चार वाजेपर्यंत रांगेत होतो. पाच वाजता घागरी झाकून ओट्यावर बसलो, तोच चौकाकडून फटाक्यांचा आवाज आला. मागोमाग ईश्वरप्पा पळत आले. वय बासष्ट. त्यांनी मला कवटाळलं, तोंडात पेढा कोंबला आणि रडू लागले.

"झाला, शेषेराव! जिल्हा झाला!"

मीही हरखलो. का हरखू नये? "कधी? कुणी केला?"

त्यांनी कागद पुढं केला. मी चष्मा लावून वाचू लागलो. पहिल्या 'ज्याअर्थी'ला वाटलं, चांगली भाषा आहे. दुसऱ्याला वाटलं, मंत्रालयात अजून जाणकार माणसं शिल्लक आहेत. तिसऱ्याला पेढा घशात अडकला. चौथ्या परिच्छेदापर्यंत पोचलो तेव्हा सिंधुनं धावत येऊन कागद काढून घेतला आणि पाठीत गुद्दे घातले. पेढा बाहेर आला.

"अप्पा," मी शेवटी म्हटलं, "हा मी लिहिलेला आहे. तुमच्यासाठी. कालच."

"हाव, भाषेवरून वाटलंच मला. लई झ्याक लिहिलंव."

"अहो, खोटा आहे हा!"

ईश्वरप्पांनी कागद परत घेतला आणि शिक्क्यावरून बोट फिरवलं. "सही हाय. शिक्का हाय. जावक क्रमांक हाय. यात खोटं काय हाय ते दाखवा."

मी कागद उलटून मागची बाजूही बघितली.

"मिरवणूक निघायलीय," ते उठत म्हणाले. "तुम्ही अंघोळ करून या. अन् हे कुणाला बोलू नका. अकरा वर्षं घातलीत मी."

मग गल्लीचा सल्ला सुरू झाला, कारण सिंधुनं दोन बायांना सांगितलं होतं आणि दोन बाया म्हणजे गल्ली. कुणी म्हणालं छातीत कळ आली म्हणून नांदेडला दवाखान्यात भरती व्हा. कुणी म्हणालं कॉम्प्युटर जाळून टाका आणि शॉर्टसर्किट म्हणा. एका निवृत्त गुरुजींनी तर मला हात जोडून विचारलं, "एवढं करताच आहात, तर पेन्शनचंही एक काढाल का?" सिंधु सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "सकाळी जावा अन् साहेबाला खरं सांगा. चोरी केली न्हाई तुम्ही, येडेपणा केलाय. येडेपणाला एवढी शिक्षा नसती."

बुधवारी ऑफिसला जाताना 'जिल्हा हुलगापेठ' अशी ताजी रंगवलेली पाटी बसस्टँडवर दिसली. रंग ओला होता. मुखेडकडच्या तीन गावांनी 'आम्हाला विचारलं का?' म्हणून रस्त्यात बैलगाड्या आडव्या लावल्या होत्या. म्हणजे माझ्या जिल्ह्याविरुद्ध आंदोलनही सुरू झालं होतं. कबूल करायला लाज वाटते, पण क्षणभर बरंही वाटलं.

साहेब खुशीत होते. पुण्याकडचे माणूस, नुकतेच बदलून आलेले. "या बिराजदार! रात्रीपासून अभिनंदनाचे फोन येतायत. जिल्हा झाला म्हणे. आपल्याला कसं कळलं नाही हो?"

मी कागद पुढं ठेवला. खालची बाजू त्यांच्याकडं केली.

त्यांनी कागद उचलून उजेडाकडं धरला. "ही सही माझी आहे?"

"हो साहेब."

"म्हणजे हा जिल्हा मी केला?"

"हो साहेब."

"गटविकास अधिकाऱ्याला जिल्हा करता येतो का?"

"नाही साहेब."

"मग झाला कसा?"

"नेटवर्कवरून, साहेब."

मला वाटलं आता ओरडतील. पण ते ओरडले नाहीत, त्यांनी टेबलाची कड धरली आणि हळूच खुर्चीत बसले. हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं. त्यांची दोन वर्षांची मुलगी आहे, तिचा फोटो काचेखाली आहे, आणि ते त्या फोटोकडंच बघत होते. मी सगळं सांगितलं. सात ओळी, आठवी ओळ, घागरी, सगळं. मधेच फोन वाजला. वरून खुलासा मागितला होता, चोवीस तासांत.

"खुलासा मी देतो," साहेब म्हणाले. "तुम्ही उद्या गावोगाव जाऊन एकूण एक प्रत परत आणा. शुक्रवारी सकाळी रद्द केल्याचा आदेश काढायचा. तो हातानं लिहा. प्रिंटरकडं बघायचंसुद्धा नाही."

गुरुवारी जीप बंद होती, म्हणून गावं वाटून घेतली. ग्रामसेवकांकडं आपापली गावं दिली, गुरुलिंग एसटीनं गेला आणि मी मलप्पाच्या टँकरवर बसलो. मलप्पा हा पुरवठादाराचा ड्रायव्हर, काटक आणि कमी बोलणारा. मी रस्ताभर माफीचं भाषण मनात जुळवत होतो. जिल्हा झाला म्हणून लोकांनी गुलाल उधळला असेल, आता मी जाऊन काय तोंड दाखवू? दगड पडतील अशी खात्री होती. मी छत्री आणली होती.

बोळेवाडीत पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. बाया घागरी घेऊन विहिरीपाशी उभ्या होत्या. मलप्पानं पाइप विहिरीत सोडला. मी उंच दगडावर चढलो आणि सांगितलं की जिल्हा झालेला नाही, चूक झाली, कागद परत द्या.

मग तुळजाबाई नावाची म्हातारी पुढं आली. तिनं कमरेचा कागद काढून माझ्या हातात दिला.

"न्ह्या बाबा जिल्हा. आमाला काय करायचाय. पण ही दुसरी खेप चालू राहील न्हवं?"

"दुसरी खेप?"

"काल दोन आल्या. आज सकाळी एक झाली, ही दुसरी. काल सुनंनं लेकराला पाटावर बसवून न्हाऊ घातलं. होळीपासून अंग पुसत होतो त्याचं."

मी मलप्पाकडं वळलो. "तू खरंच दोन खेपा मारतोयस?"

"आदेश आला न्हवं का मालकाला. दोन मारा म्हणून."

"पण टँकर? पाणी? कुठून आणतोस?"

"त्याच हिरीतून, जिथनं पहिली भरतो. तिला पाणी हाय की. अन् टँकर बाराच्या पुढं उभाच असतोय, भाऊसाहेब. मी खाली सावलीला झोपतो."

"मग आधीच का नाही सांगितलंस?"

मलप्पानं माझ्याकडं जरा दयेनं बघितलं. "कागदावर एकच होती."

मी दगडावरून उतरलो. सव्वीस वर्षांत मी इतका हादरलो नव्हतो. कालपर्यंत मला वाटत होतं की मोठी चूक म्हणजे तो जिल्हा. प्रत्येक पंधरवड्याला 'खेपा: एक' असं मी टाइप करत होतो. चौऱ्याऐंशी वेळा. का एक, हे ना मी कुणाला विचारलं होतं, ना मला कुणी. मागच्या आदेशात एक होती म्हणून पुढच्यात एक. तुळजाबाईनं तांब्याभर पाणी दिलं. मी ते न पिताच परत दिलं तर ती म्हणाली, "प्या की, आज हाय."

संध्याकाळपर्यंत आणखी नऊ गावं झाली. सगळीकडं जिल्हा मुकाट परत मिळाला आणि सगळीकडं तोच एक प्रश्न विचारला गेला. छत्री उघडावी लागली नाही.

शुक्रवारी सकाळी मी रद्द करण्याचा आदेश हातानं लिहिला आणि साहेबांपुढं पूर्ण उलगडून ठेवला. ते पहिल्या शब्दापासून वाचू लागले. 'ज्याअर्थी'सुद्धा वाचलं. मग थांबले.

"परिच्छेद एक ते तीन रद्द. बिराजदार, चार राहिला."

"राहिला नाही साहेब. ठेवलाय."

मी काल पाहिलेलं सांगितलं.

"टँकर भरतात त्या विहिरीला पाणी आहे?"

"त्या दहा गावांचे टँकर भरतात तिला तरी आहे. बाकीची माहिती काल रात्री गुरुलिंगनं ग्रामसेवकांकडून घेतली. साठ गावांना दोन जमतील, बाकीच्यांना नाही. यादी मागं जोडली आहे."

"मग आजवर एकच का लिहीत होतो आपण?"

"मागच्या वेळी एक होती, साहेब."

त्यांनी पेन उघडलं, परत बंद केलं आणि यादी घेतली. साठच्या साठ गावांची नावं वाचली. मला वाटलं, आता चौथा परिच्छेदही खोडतील आणि ते चूक म्हणता आलं नसतं. त्यांनी सही केली. सही करताना जिभेचं टोक ओठांत धरलं होतं, जसं पहिल्यांदा पाटीवर नाव काढताना धरतात.

ईश्वरप्पांनी बसस्टँडवरची पाटी स्वतः उतरवून आणली आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "समितीचा सचिव व्हा. भाषा लई चांगली हाय तुमची." मी हात जोडले. मला लेखी ताकीद मिळाली, 'अधिकार नसताना जिल्हा निर्माण केल्याबद्दल' अशा शब्दांत, आणि ती सेवापुस्तकात चिकटवलेली आहे. सिंधु पाहुण्यांना सांगते की आमच्या ह्यांनी एक जिल्हा केला होता, पण चालला नाही.

महिन्याभरानं वरून आणखी एक पत्र आलं. जिल्ह्याचं ठीक आहे, चूक मान्य केली, पण दुसऱ्या खेपेचा तो चौथा परिच्छेद अनवधानानं रद्द करायचा राहिला आहे काय, याचा खुलासा करावा. मी उत्तराचा कच्चा मसुदा करायला कागद ओढला. साहेबांनी तो माझ्या हातातून घेतला, माझ्याच टेबलाशी उभे राहून दोन ओळी लिहिल्या आणि गुरुलिंगकडं दिल्या. जावक रजिस्टरात नोंद करताना मी त्या वाचल्या.

'अनवधानाने नाही. हा परिच्छेद मी वाचून सही केलेला आहे.'